बोनलेसचा काटा

मला मासे खाता येतात.

यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. पण आमच्या घरात ही पदवी समजली जाते आणि ती सहजासहजी कुणाला मिळत नाही. आम्ही मूळचे मालवणकडचे. आजोबा गिरणीत कामाला म्हणून मुंबईत आले, आणि आता आई, मी आणि बायको असे तिघं दिंडोशीच्या वसाहतीत राहतो. आमच्यात मुलगा गणितात नापास झाला तर घरातल्या घरात मिटवतात. पण ताटातल्या काट्याला मांस चिकटलेलं ठेवून उठला, तर त्याच संध्याकाळी गावाला फोन जातो!

अशा घरात ‘बोनलेस’ हा शब्द मोठ्याने उच्चारत नाहीत. काटे काढून विकायला ठेवलेला मासा आईने पहिल्यांदा मॉलमध्ये पाहिला, तेव्हा ती त्या काचेसमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, “काटे काढून मासो खावचो, तर मगे वांग्यान काय घोडा मारल्यान?” आणि आम्ही खरोखरच वांगी घेऊन घरी आलो.

माझी बायको सुजाता मुलुंडची, मूळ वाशीमकडची. तिच्या माहेरी मटणाचा रस्सा असा व्हायचा की शेजारच्यांचे डोळे पाणवायचे, पण मासा म्हणजे सुकट, आणि तीही भाकरीबरोबर तोंडी लावायला. आमचं लग्न विहारात लागलं. जेवणात पुरी-भाजी होती आणि माझे गावचे नातेवाईक श्रीखंडाकडे बघून सुस्कारे टाकत होते. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी आईने सुजाताच्या ताटात अख्खा बांगडा वाढला. ती हळूच माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “हा माझ्याकडे बघतोय रे.”

झालं! तिच्या शिक्षणाची जबाबदारी मी अंगावर घेतली. (कुणी दिली नव्हती.) दर रविवारी माझा तास सुरू. “काटा डोळ्यांनी शोधायचा नसतो, जिभेने शोधायचा असतो. घाई करायची नाही. बोलायचं नाही. मासा खाताना माणसाचं सगळं लक्ष माशात हवं.” हे मी न थांबता बोलत असायचो. सुजाता म्हणायची, “खाऊ दे ना यार!” मी म्हणायचो, “हेच! हेच चुकतं तुझं!”

इकडे स्वयंपाकघरात आई तिला न बोलता शिकवत होती. आमच्याकडे रोजची वाटणी ठरलेली आहे: आई भाकऱ्या भाजते, सुजाता ऑफिसातून येऊन आमटी-भाजी बघते, आणि मी कुकर लावतो व मत देतो. हळूहळू सुजाताने तिखल्याला, म्हणजे आमच्या माशाच्या तिखट कालवणाला, स्वतःच्या माहेरचा झणका द्यायला सुरुवात केली. पहिल्यांदा आई म्हणाली, “ह्यां काय गो?” आणि मग परत भात मागून घेतला. म्हणजे शिष्या उत्तीर्ण होऊन पुढच्या वर्गातही गेली होती. फक्त मास्तरांना कुणी सांगितलं नव्हतं.

आता माझ्या पोटापाण्याचं सांगतो, कारण सगळं प्रकरण तिथेच अडकलं. मी डबिंग करतो. गोरेगावच्या एका स्टुडिओत दक्षिणेकडचे सिनेमे मराठीत होतात, त्यांत मी बोलतो. बोलतो म्हणजे, गर्दीत बोलतो. बाजारात बॉम्ब फुटला की “पळा, पळा!” म्हणणारा मी. लग्नाच्या मांडवात “नवरी कुठंय?” विचारणारा मी. आई शेजाऱ्यांना बोलावून टीव्हीसमोर बसवायची आणि ओरडायची, “आयकलास? आता ‘साहेब, च्या’ म्हटल्यान ना, तो माझो झील!” शेजारी मान डोलवायचे. पडद्यावर चहा देणाऱ्याची पाठ दिसायची.

अशी वर्षं गेली आणि एका शुक्रवारी दुपारी सरांचा, म्हणजे आमच्या डबिंगच्या दिग्दर्शकांचा, फोन आला. “रुद्रप्पाचा आवाज तू करायचा. उद्या सकाळी ये. गळा जप हां, नाहीतर दहिसरचा तो पोरगा तयारच आहे.”

रुद्रप्पा म्हणजे खलनायक! नाव असलेला माणूस! पहिल्या दृश्यात येतो आणि अगदी शेवटी मरतो, तोपर्यंत बोलतच असतो. मी सुजाताला फोन केला तेव्हा मला धड बोलताही येईना. ती म्हणाली, “आज कुकर लावायचा नाही. बाहेर जेवू. दोघंच.”

आईने लगेच परवानगी दिली. “जावा. माका सिरियल बघूची आसा. करली गावली तर खावा. हॉटेलात कशी करतत ती बघून येवा.”

तर ही करली. चवीला या माशाचा हात कुणी धरणार नाही, पण काटे असे की देवाने आधी काटे केले आणि उरलेल्या वेळात मासा! करली खाता आली की आमच्याकडे माणूस मोठा झाला असं धरतात. आम्ही गोरेगाव स्टेशनजवळच्या एका हॉटेलात शिरलो, तर दारातच फळ्यावर खडूने लिहिलेलं: ‘आजची ताजी – करली’.

सुजाता म्हणाली, “मी हीच घेणार. तू पण ना?”

मी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं आणि डोळ्यांपुढे रुद्रप्पा उभा राहिला. त्याच्यामागे दहिसरचा पोरगा. उद्या गळा हवा होता, आणि करलीशी आज पंगा घेण्यात शहाणपणा नव्हता. सुजाता हात धुवायला गेली तेवढ्यात मी वेटरला जवळ बोलावलं आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, “भैया, फिश टिक्का है क्या? बोनलेस?”

“हाँ साब,” असं म्हणून त्याने स्वयंपाकघराकडे तोंड केलं आणि ठणाणा केला, “एक बोनलेस! तीन नंबर को एक बोनलेस!”

सुजाता ओले हात घेऊन तिथेच थांबली. “काय मागवलंस? परत बोल.”

“गळा, सुजाता. उद्या रुद्रप्पा आहे.”

“तू? बोनलेस? थांब, आईंना फोन लावते.”

“तुला आईची शपथ आहे!”

“आईंची शपथ घालून आईंपासूनच लपवायचं? भारी आहेस तू!” असं म्हणून ती जी हसायला लागली ती ताटं येईपर्यंत हसत होती. पण सांगणार नाही असं तिने कबूल केलं.

माझ्यापुढे लालभडक टिक्का आला. सोबत कांदा आणि सिमला मिरची. तिच्यापुढे खरपूस करली. सुजाता शांतपणे कामाला लागली. शेपटीकडून सुरुवात, बोटांनी चाचपणं, काटा बाहेर, घास आत. एका शब्दाने बोलत नव्हती. मला तिचं खूप कौतुक वाटलं आणि ते कौतुक मी माझ्या पद्धतीने व्यक्त केलं, म्हणजे शिकवायला सुरुवात केली. बोनलेसच आहे म्हणून टिक्क्याचे तुकडे मी बिनधास्त तोंडात टाकत होतो. चावायचीही गरज वाटत नव्हती.

“हे बघ, करलीचा काटा कसा ओळखायचा सांगतो. आधी जीभ...”

आणि तिथेच काहीतरी घशात टोचलं.

मी पाणी प्यायलो. टोचलं. थुंकी गिळली. टोचलं. सुजाताने वर पाहिलं. “काय झालं?”

“काटा.”

“कसला काटा? तू बोनलेस खातोयस.”

“काटा!”

“ए, नाटक नको हां. माझी करली थंड होतेय.”

मी डोळे मोठे करून घशाकडे बोट दाखवलं तेव्हा ती उठली. वेटर आला. “साब, बोनलेस में काँटा नहीं होता,” त्याने माझी समजूत घातली. मागून मॅनेजर आले. त्यांनीही तेच सांगितलं, फक्त जास्त नम्रपणे. मी तोंड उघडून दाखवलं. दोघांनी आळीपाळीने आत डोकावून पाहिलं आणि काटा नाही असं एकमताने ठरवलं. तोपर्यंत शेजारच्या टेबलावरचे एक काका म्हणाले, “कोल्ड्रिंक प्या आणि उड्या मारा.” घाबरलेला माणूस काहीही ऐकतो. मी प्यायलो आणि उड्या मारल्या. कोल्ड्रिंक नाकातून बाहेर आलं, काटा आपल्या जागी होता. भर हॉटेलात, बोनलेस खाऊन उड्या मारणारा मालवणी माणूस त्या लोकांनी पहिल्यांदाच पाहिला असावा.

“सुजाता,” मी म्हणून पाहिलं. घोगरा, फाटका, भलताच कुणाचा तरी आवाज निघाला. आता मात्र माझं धाबं दणाणलं. इतकी वर्षं लोकांच्या पाठीमागून बोलल्यावर उद्या पहिल्यांदा एक तोंड मिळणार होतं, आणि मी ते टिक्क्यापायी घालवून बसलो होतो. खरं सांगतो, मला रडू यायचंच बाकी होतं.

सुजाताने ते ओळखलं. “वाट लागली रे,” ती म्हणाली आणि तिने आमच्या घरातल्या सर्वोच्च अधिकाऱ्याला फोन लावला.

काटा काढण्यात आईचा हात वसाहतीत कुणी धरत नाही. पलीकडच्या बिल्डिंगमधूनही लोक येतात. तिचं शास्त्र अगदी बांधेसूद आहे आणि त्यातला पहिला प्रश्न कायम एकच.

“अडाकलो? माझ्या झिलाच्या घशात? शक्यच नाय! खंयचो मासो?”

सुजाताने फोन माझ्या तोंडासमोर धरला. “तूच सांग.”

मी माझ्या ताटाकडे पाहिलं. मग तिच्या ताटाकडे पाहिलं.

“करली,” मी म्हणालो.

मग आईचा आवाज एकदम मोकळा झाला. “करली काय! तरीच! करलीचो काटो भल्याभल्यांक सोडीत नाय!” माझी इज्जत शाबूत असल्याचा तिला केवढा आनंद झाला होता! सुजाताने तोंडावर रुमाल दाबून धरला.

“आता आयक. सुको भात अजिबात गिळू नको. तो जाड्या काट्याक. करलीचो काटो बारीक, भातान आडवो जाता. पिकलेला केळा खा, चावू नको.”

आता माझ्या घशातला काटा जाडा आहे की बारीक, हे मला काय ठाऊक! पण एकदा करली म्हटल्यावर करलीची औषधं घेणं भाग होतं. वेटरने बाहेरच्या गाडीवरून केळी आणली. मी ती न चावता गिळली. काटा जागचा हलला नाही, वर केळ्याने जीव गुदमरला.

“नाय? मगे ताट फिरव. जेवता जेवता पुढ्यातला ताट उलट्या बाजून फिरव.”

मी ताट फिरवलं. टिक्क्याची हिरवी चटणी शर्टावर आली.

“तरी नाय? मगे शेवटचा. ज्या माशाचो काटो अडाकलो, त्याच माशाचो काटो डोक्यार ठेव आणि मान वर करून बस.”

इथे माझी खरी पंचाईत झाली. ज्या माशाचा काटा अडकला होता त्याचा दुसरा काटा आणायचा कुठून? तो तर बोनलेस होता! असलेला एकुलता एक काटा माझ्या घशात होता. शेवटी सुजाताने स्वतःच्या ताटातला करलीचा लांब काटा उचलला आणि गंभीर चेहऱ्याने माझ्या टाळूवर ठेवला. वेटर बिल घेऊन आला होता, तो तसाच उभा राहिला. शेजारचे काका खुर्ची वळवून बसले.

काही झालं नाही. होणार कसं? आजार टिक्क्याचा आणि औषध करलीचं!

“अजून नाय?” आईचा आवाज पडला. “असा कसा? माझो उपाय कधी फुकट जाणा नाय. म्हातारी झालंय मी, काय?”

हे ऐकून मात्र मला आतून वाईट वाटलं. मी खरं सांगायचं ठरवलं. “आई, ती करली...” पण आवाज असा चिरकला की तिला मी रडतोय असं वाटलं. “रडा नको झिला, मी येतंय,” म्हणून तिने फोन ठेवलासुद्धा.

मॅनेजरनी मागच्या गल्लीतल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. (बहुधा आम्ही लवकर जावं म्हणून.) सुजाताने आईला तिथेच यायला सांगितलं आणि निघताना करलीचा काटा कागदी रुमालात गुंडाळून बरोबर घेतला. “लागला तर?” ती म्हणाली.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत एक आजोबा आणि त्यांचा मुलगा बसले होते. आजोबांच्या दोन्ही कानांत मळ घट्ट बसला होता आणि दोन दिवस त्यांना कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं. मुलगा त्यांच्या कानाशी ओरडून ओरडून घामाघूम झाला होता. आजोबांचा चेहरा मात्र विलक्षण सुखी दिसत होता. डॉक्टर आत दुसरा पेशंट तपासत होत्या.

एवढ्यात रिक्षा थांबली आणि आई उतरली. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. फडकं सोडलं तर आत आमचं घरचं स्टीलचं ताट!

“हॉटेलाचा ताट काय कामाचा? त्यात कोण कोण जेवलेलो आसतलो,” असं म्हणून तिने ते माझ्या मांडीवर ठेवलं. “सुजाता, काटो खंय?”

सुजाताने रुमाल उघडला. काटा माझ्या डोक्यावर. ताट मांडीवर फिरतंय. रिसेप्शनवरची मुलगी धावत आली. “मावशी, इथे जेवायला बसायचं नाही!”

“जेवता कोण? उपचार चललो हा!”

आजोबांनी हा सगळा प्रकार नीट पाहिला, पायांतल्या चपला काढल्या आणि मला मनोभावे हात जोडले. तेवढ्यात काट्याचा पेशंट म्हणून आम्हालाच आधी आत बोलावलं, म्हणून बरं.

डॉक्टरीणबाई मूळच्या खारदांड्याच्या कोळीवाड्यातल्या निघाल्या. त्यांनी कपाळावर दिवा लावला, माझ्या तोंडात चमचा घातला आणि आईचाच प्रश्न विचारला, “कुठला मासा?”

“करली!” आई माझ्या आधी बोलली.

“अरे वा, करली!” डॉक्टरांचा चेहरा दिव्यापेक्षा उजळला. “ताजी मिळाली? आमची आई करलीचे तुकडे असे तिरके कापायची ना, काटे लागायचेच नाहीत.”

“आमी पण तिरकेच कापतंव!”

“आणि वर तिरफळं?”

“मगे! त्याशिवाय करली कसली?”

मी मध्ये आ वासून बसलो होतो. त्या दोघींनी माझ्या तोंडावरून एक अख्खं कालवण शिजवलं. मग डॉक्टरांना माझी आठवण झाली. त्यांनी दिवा इकडे तिकडे फिरवला. “हं... करलीचा काटा म्हणजे केसासारखा. असा दिसायचा नाही. डावीकडे सिमला मिरचीचं साल चिकटलंय फक्त, ते जाईल आपोआप. हा काटा खोल गेला असणार.” त्यांनी दिवा बंद केला. “असं करू, उद्या सकाळी ॲडमिट व्हा. भूल देऊन दुर्बीण घालून बघू.”

“उद्या सकाळी?” सुजाता ओरडली.

“दोन-चार दिवस बोलणं बंद ठेवावं लागेल. घाबरायचं काही नाही.”

घाबरायचं नाही! उद्या सकाळी रुद्रप्पा माइकसमोर उभा राहणार आणि मी खाटेवर उताणा पडणार! मला दहिसरचा पोरगा आवाज खाकरताना ऐकू येऊ लागला. सुजाता माझ्याकडे बघत होती. तिला शपथ घातलेली होती. पण तिच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलं होतं: बोल रे गाढवा, आता तरी बोल.

त्याच वेळी आईची ट्यूब पेटली. “डॉक्टरीणबाय, काय म्हटलास? शिमला मिरची? करलीत शिमला मिरची खंयसून इली?”

एका बाजूला रुद्रप्पा, दुसऱ्या बाजूला आई. मी डोळे मिटले.

“करली सुजाताने खाल्ली,” मी घोगऱ्या आवाजात म्हणालो. “मी... बोनलेस खाल्लं.”

आईने माझ्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे पाहिलं. “हिना करली खाल्ल्यान? आणि तू बोनलेस?” तिने हळूच स्टूल ओढलं आणि त्यावर बसली.

डॉक्टरांनी मात्र झटकन दिवा लावला. “अहो मग आधी सांगायचं ना! त्या मिरचीच्या सालाखालीच असेल बघा. आ करा.” चिमटा आत गेला, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, एकदा उमळून आलं, आणि चिमटा बाहेर! टोकाला सिमला मिरचीचं लाल झालेलं साल आणि त्याला चिकटलेला एक आखूड, जाडसर काटा.

“बासा,” डॉक्टर म्हणाल्या.

“कोण?” आईने विचारलं.

“बासा, मावशी. बर्फातून येतो. बोनलेस म्हणून विकतात, पण एखादा काटा राहतो चुकून. गोड्या पाण्यातला मासा.”

“गोड्या पाण्याचो!” आईने कपाळाला हात लावला. बोनलेस एकवेळ तिने पोटात घातलं असतं. पण समुद्राकाठच्या घराण्यातल्या मुलाला गोड्या पाण्यातल्या माशाने आडवं करावं?

पण मग तिचा चेहरा हळूहळू बदलला आणि एकदम फुलला. “म्हंजे माझो उपाय चुकलो नाय! सुजाता, आयकलंस? उपाय करलीचो केलो आणि काटो बाशाचो होतो! गुण येतलो कसो?” तिचं सगळं शास्त्र जसंच्या तसं शाबूत होतं. तिने समाधानाने ताट फडक्यात बांधलं आणि मला बजावलं, “कोणी इचारल्यान तर करलीच सांग. बासा म्हणून सांगशीत तर घरात घेवचंय नाय.”

मी थुंकी गिळली. काही झालं नाही. परत गिळली. काहीच झालं नाही! काहीही न होण्यात एवढं सुख असतं हे मला त्या दिवशी कळलं. मी वेड्यासारखा नुसता गिळत बसलो होतो. सुजाताने माझा हात घट्ट धरला. ती हसत होती आणि तिचे डोळे भरले होते. इतका वेळ तीही घाबरलेलीच होती, फक्त दाखवत नव्हती.

“आता आवाज बघू,” डॉक्टर म्हणाल्या. “काहीतरी बोला. अगदी मोकळ्या गळ्याने.”

मी उभा राहिलो. शर्ट खाली ओढला, त्यावरच्या हिरव्या चटणीसकट. छाती भरून श्वास घेतला आणि उद्याचं, सरांनी फोनवर ऐकवलेलं रुद्रप्पाचं पहिलंच वाक्य बेंबीच्या देठापासून फेकलं:

“रुद्रप्पा रडत नाही! रुद्रप्पा रडवतो!”

काय आवाज लागला म्हणून सांगू! टेबलावरच्या ट्रेमधले चिमटे खणखणले. “झकास!” सुजाता ओरडली. आईने माझी दृष्ट काढली. (दुसऱ्या दिवशीचं रेकॉर्डिंगही उत्तम झालं, सर खूश, दहिसरचा पोरगा अजून थांबलेलाच आहे, हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे तुमचाही जीव भांड्यात पडेल.) मी गर्वाने डॉक्टरांकडे पाहिलं.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत गडबड उडाली. खुर्ची सरकली आणि आजोबांचा मुलगा आनंदाने किंचाळला, “बाबा! तुम्हाला ऐकू आलं? खरंच ऐकू आलं?”

“आलं तर! अगदी स्वच्छ आलं,” आजोबा म्हणाले. मग दारावर हलकीशी टकटक झाली आणि त्यांचा कळवळलेला आवाज आला, “डॉक्टर, जरा हळू हो! आत्ता ओरडली त्या बाईला किती रडवताय!”